यंत्र आपले, सुटा भाग परका : अलिबाग ते तारापूर

१/ ओहोटीच्या वेळी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत गेलेल्यांनी तटाजवळ चाकांच्या गाड्यांवर उभ्या असलेल्या दोन तोफा पाहिल्याच असतील. अनेक जण त्या आंग्र्यांच्या समजून त्यांच्यासोबत छायाचित्र काढतात आणि परततात. तोफांवरचा मजकूर मात्र इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्याचे आणि तिथल्या लो मूर लोखंड कारखान्याचे नाव सांगतो. हा कारखाना १९५७ मध्ये कायमचा बंद झाला. तोफा खाऱ्या वाऱ्यात आजही उभ्या आहेत.

२/ तोफ आता शोभेची वस्तू आहे, त्यामुळे तिचा कारखाना असला काय आणि नसला काय, काही बिघडत नाही. पण जे यंत्र रात्रंदिवस चालते आणि ज्याच्या थांबण्यावर शेकडो माणसांची सुरक्षितता अवलंबून असते, त्याचा निर्माता नाहीसा झाला तर? किंवा निर्माता आहे, पण सुटे भाग द्यायला तयार नाही, तर? मित्रहो, आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाचा आहे. त्यातील पहिली कथा अलिबागची आहे आणि दुसरी याच कोकण किनाऱ्यावर उत्तरेला असलेल्या तारापूरची.

३/ आधी थोडी पूर्वतयारी. कोणत्याही मोठ्या कारखान्यात अखंड चालणारी तीन कामे असतात : मोजणे, ठरवणे आणि कृती करणे. टाकीतील दाब किती आहे हे एक उपकरण मोजते. तो वाढला आहे की घटला, आणि आता काय करायचे, हे दुसरे उपकरण ठरवते. तिसरे उपकरण झडप उघडते किंवा बंद करते. या तिघांच्या साखळीला नियंत्रण प्रणाली म्हणतात. बॉयलर, मनोरे आणि नळांचे जाळे हे कारखान्याचे शरीर मानले, तर ही साखळी म्हणजे त्याची मज्जासंस्था.

४/ या मज्जासंस्थेच्या पिढ्या आहेत. जुन्या पिढीत निरोप हवेच्या दाबाने जात असे. चौरस इंचाला ३ पौंड म्हणजे शून्य, १५ पौंड म्हणजे पूर्ण. गोल कागदी तबकडीवर शाईची लेखणी दिवसभराची रेषा काढत राही. पुढे हवेची जागा ४ ते २० मिलिअँपिअरच्या विद्युत्प्रवाहाने घेतली. १९६८-६९ च्या सुमारास अमेरिकेत मोटारींच्या कारखान्यांसाठी ‘मॉडिकॉन’ हा प्रोग्रॅम करता येणारा नियंत्रक आला. १९७५ मध्ये अमेरिकेच्या हनीवेलने आणि जपानच्या योकोगावाने संगणकावर आधारलेल्या विकेंद्रित नियंत्रण प्रणाली बाजारात आणल्या.

५/ येथे एक विसंगती जन्मली. हवेवर चालणाऱ्या उपकरणाचे पितळी तोंड झिजले, तर चांगला टर्नर ते लेथवर नवे करून देई. संगणकीय प्रणालीतील एखादी चिप जळली, तर ती गावच्या वर्कशॉपमध्ये बनत नाही. कारखान्याच्या पोलादी शरीराचे आयुष्य ४०-५० वर्षांचे असते, तर चिपचे बाजारातील आयुष्य अनेकदा दहा वर्षांचेही नसते. शरीर मध्यमवयीन असतानाच मज्जासंस्थेचे भाग बाजारातून नाहीसे होतात. जगभरच्या जुन्या कारखान्यांचे दुखणे हेच आहे.

६/ आता रायगडचा किनारा पाहा. हा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. सह्याद्रीच्या पायथ्याशी खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागले आणि १९७८ मध्ये समुद्राखालची वाहिनी उरणच्या किनाऱ्याला पोचली. थळचा खत कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये. म्हणजे या किनाऱ्याचे औद्योगिक रूप मुख्यतः एकाच पिढीत घडले, आणि ती पिढी आता चाळिशीत आहे.

७/ पण जुने उपकरण जपण्याची या किनाऱ्यावरची सर्वांत उद्बोधक कथा कारखान्याची नाही. ती भूचुंबकीय वेधशाळेची आहे. वेधशाळेत झडपा नसतात. मात्र नियंत्रणाच्या साखळीतील पहिली कडी, म्हणजे विश्वासार्ह मोजमाप, हेच तिचे सर्वस्व असते. कथेची सुरुवात मुंबईच्या कुलाब्यात होते. अलिबागचा कुलाबा किल्ला आणि मुंबईचे कुलाबा बेट ही दोन वेगळी ठिकाणे आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबईच्या कुलाब्यात वेधशाळा स्थापली. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होऊ लागली.

८/ उपकरण तत्त्वाने साधे होते. बारीक धाग्याला टांगलेला चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे किंचित वळतो, आणि ते वळणे मोजायचे. सुरुवातीला माणसे डोळ्यांनी आकडे वाचून वहीत उतरवत. पुढे चुंबकाला चिकटवलेल्या आरशावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका फिरत्या कागदावर आपोआप रेषा उमटवू लागला. हे उपकरण इतके हळवे असते, की धागा बदलला किंवा खोलीचे तापमान बदलले, तरी आकडा सरकतो. त्यामुळे त्यातील कोणताही भाग बदलणे म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांमधील नाते धोक्यात घालणे.

९/ या आकड्यांचे मोल किती, हे एका प्रसंगावरून कळते. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावरील प्रचंड स्फोटामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ झाले. युरोप-अमेरिकेतील तारयंत्रे बिघडली. २ सप्टेंबरला मुंबईच्या कुलाब्यातील निरीक्षकांनी क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदवली. २००३ मध्ये भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून त्या वादळाची तीव्रता नव्याने मोजली, तेव्हा आधाराला हीच नोंद होती. म्हणजे १४४ वर्षांपूर्वीची वही कामी आली, कारण ती कोणत्या उपकरणाने आणि कशी लिहिली गेली हेही नोंदलेले होते.

१०/ विसावे शतक उजाडताना संकट आले. १८७४ पासून मुंबईत घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. आता विजेच्या ट्राम येणार होत्या. ट्रामचा विद्युत्प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परततो आणि आजूबाजूला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. कुलाब्यातील चुंबकाला सूर्याचे वादळ कोणते आणि ट्रामची फेरी कोणती, हे सांगता आले नसते. उपकरणे शाबूत होती, पण ज्या परिसराच्या भरवशावर ती चालत होती तोच कालबाह्य झाला होता.

११/ त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस. १८९६ मध्ये या पदावर आलेले ते पहिले भारतीय. नवी जागा म्हणून मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटर दूर असलेले अलिबाग निवडले गेले. इमारत लोखंडाशिवाय बांधायची होती, कारण एक खिळाही चुंबकाला चकवू शकतो. चुंबकत्वाचा दोष नसलेला पोरबंदरी दगड आणला गेला. बिजागऱ्या, कड्या यांसारख्या गोष्टींसाठी तांबे आणि पितळ वापरले गेले. उपकरणांच्या खोलीतील तापमान स्थिर राहील अशी रचना केली गेली.

१२/ मूस यांच्या कामाचा गाभा मात्र इमारतीत नव्हता. १९०४ मध्ये अलिबागची उपकरणे सुरू झाली, तरी कुलाब्याची बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत, सुमारे दोन वर्षे, दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू राहिली. कुलाब्यात अमुक आकडा असताना अलिबागला किती दिसतो, याची तुलना होऊ शकली. नवे उपकरण जुन्याच्या भाषेत बोलू लागले, मगच जुने निवृत्त झाले. मुंबईत विजेची पहिली ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील निरीक्षणांचे ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध केले.

१३/ पुढे उपकरणे बदलत गेली. प्रकाशाच्या ठिपक्याची आणि छायाचित्रण कागदाची पद्धत मागे पडली, इलेक्ट्रॉनिक चुंबकमापक आले. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय आज नवीन पनवेलला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. १८४० च्या दशकात सुरू झालेली मालिका अजून तुटलेली नाही. मूळ उपकरणाचे भाग मिळेनासे होऊनही ती टिकली, कारण प्रत्येक बदलाच्या वेळी उपकरणापेक्षा त्याच्याकडून अपेक्षित असलेल्या कामाकडे लक्ष दिले गेले.

१४/ मूस यांना दोन गोष्टींची अनुकूलता होती. त्यांच्याकडे काही वर्षांचा अवधी होता, आणि त्यांची अडवणूक करणारा पुरवठादार समोर नव्हता. या दोन्ही गोष्टी नसतील तर काय होते, हे पाहण्यासाठी मुंबईच्या उत्तरेला सुमारे १०० किलोमीटर जावे लागेल. किनारा तोच, अरबी समुद्रही तोच. तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर.

१५/ भारत आणि अमेरिका यांच्यात ऑगस्ट १९६३ मध्ये अणुसहकार्याचा करार झाला. त्यानुसार जनरल इलेक्ट्रिक कंपनीने तारापूरला प्रत्येकी २१० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या उभारून दिल्या. २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्यांची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. भारतातील ही पहिली अणुवीज. उभारणी जवळजवळ चालू स्थितीत यंत्र हाती देण्याच्या पद्धतीची होती. त्यामुळे काम लवकर झाले, पण असंख्य लहानमोठ्या भागांसाठी मूळ निर्मात्याकडे पाहण्याची गरजही सोबत आली.

१६/ त्यात या भट्ट्या उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांच्या अगदी आरंभीच्या पिढीतील होत्या. त्या घराण्यातील भावंडे जगात मोजकीच, आणि ती लवकर निवृत्त होत गेली. कॅलिफोर्नियातील हंबोल्ट बे १९७६ मध्ये थांबली, जर्मनीतील गुंडरेमिंगेन येथील पहिली भट्टी १९७७ मध्ये, इलिनॉयमधील ड्रेस्डेन-१ १९७८ मध्ये. ज्या यंत्राचे गिऱ्हाईकच उरत नाही, त्याचे सुटे भाग बनवण्यात कोणत्याही कारखान्याला रस नसतो. राजकारण काढून टाकले, तरी तारापूरपुढे स्पेअरचा प्रश्न उभा राहणारच होता.

१७/ पण राजकारण काढून टाकता येत नव्हते. १८ मे १९७४ रोजी पोखरणला अणुचाचणी झाली. १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा केला आणि तारापूरच्या इंधनाचा पुरवठा वादात सापडला. १९८० मध्ये इंधनाच्या एका खेपेचा प्रश्न अमेरिकन सिनेटपर्यंत गेला आणि ४८ विरुद्ध ४६ अशा निसटत्या मतांनी ती खेप सुटली. १९८२ मध्ये तोडगा निघाला : इंधन फ्रान्सने द्यायचे. इतिहासाच्या पुस्तकांत तारापूरची कथा बहुधा येथे संपते.

१८/ सुट्या भागांची कथा मात्र येथून पुढे सुरू होते. इंधनासाठी दुसरा देश सापडला, कारण युरेनियम अनेक देश समृद्ध करू शकतात. अमेरिकन आराखड्याच्या एका जुन्या उपकरणाचा नेमका भाग मात्र सहसा एकाच ठिकाणी बनलेला असतो, आणि त्याच्या निर्यातीलाही सरकारी परवाना लागतो. १९८३ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांनी दिल्लीत जाहीर केले, की दुसरीकडे न मिळणारे आवश्यक भाग अमेरिका देईल. त्यासाठी केंद्रातील सुरक्षिततेचा आणि कामगारांच्या आरोग्याचा दाखला दिला गेला. त्यावर अमेरिकन काँग्रेसमध्ये मोठा विरोध झाला.

१९/ ‘आरोग्य’ हा शब्द येथे नुसता औपचारिक नव्हता. साध्या कारखान्यात गळका सांधा महिनाभर तसाच चालवला, तर तेल वाया जाते. अणुभट्टीत तोच सांधा पुन्हा पुन्हा तात्पुरता दुरुस्त करायचा, तर प्रत्येक वेळी माणसाला किरणोत्सारी भागात जावे लागते. प्रत्येक फेरीत त्याच्या शरीराला मात्रा मिळते. योग्य भाग वेळेवर न मिळण्याची किंमत वॉशिंग्टनमधील वादविवादात कोणाला मोजावी लागत नव्हती. ती तारापूरच्या फिटरला मोजावी लागत होती.

२०/ भारतापुढे तीन मार्ग होते. पहिला, तिसऱ्या देशाकडून भाग मिळवणे. दुसरा, भाग स्वतः बनवणे. त्याची पायाभरणी आधीच सुरू झाली होती. भाभा अणुसंशोधन केंद्रातील इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातून १९६७ मध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया उभी राहिली. अणुभट्ट्यांची मोजमाप आणि नियंत्रणाची साधने देशात बनवणे हे तिचे एक मुख्य काम. ज्या १९६९ मध्ये तारापूर सुरू झाले, त्याच वर्षी या संस्थेने टीडीसी-१२ हा भारतात घडवलेला संगणक सादर केला.

२१/ तिसरा मार्ग सर्वांत कमी चर्चिला जातो : त्या भागाची गरजच संपवणे. तारापूरच्या मूळ रचनेत टर्बाइनला वाफ दोन वाटांनी मिळत असे. एक थेट भट्टीतून, दुसरी दुय्यम बाष्पजनित्रांतून. या जनित्रांच्या नळ्यांना गळती लागली. अखेर ती यंत्रणाच वेगळी काढून एकाच वाटेने भट्टी चालवण्याचा निर्णय झाला. १९८० च्या दशकाच्या मध्यात प्रत्येक भट्टीची क्षमता २१० वरून १६० मेगावॉटवर आणली गेली. म्हणजे दोन्ही मिळून १०० मेगावॉटवर, जवळजवळ पाव क्षमतेवर, कायमचे पाणी सोडले.

२२/ याला पराभव म्हणायचे की शहाणपण? मला वाटते, ही हिशेबाने स्वीकारलेली माघार होती. रोज गळणाऱ्या नळ्यांशी झुंजत पूर्ण वीज मिळवण्यापेक्षा कमी विजेवर सुरक्षित चालणे पत्करले गेले. असा निर्णय घेण्यासाठी भट्टीचे गणित स्वतःला करता यावे लागते. विकत घेतलेल्या यंत्राची पुस्तिका पाठ असणे वेगळे, आणि त्यातला एक अवयव काढला तर उरलेले शरीर कसे वागेल हे सांगता येणे वेगळे. १९६९ मध्ये परक्यांनी उभारून दिलेले यंत्र पंधरा वर्षांत या अर्थाने आपले झाले होते.

२३/ देशी भाग बनवणे म्हणजे नमुना समोर ठेवून तसाच कापणे, असा समज असतो. आकार हा त्यातला सर्वांत सोपा अंश. रिले बनवायचा तर त्याचे संपर्क किती वेळात जुळतात हे कळले पाहिजे. रबरी सील बनवायचे तर उष्णतेत आणि किरणोत्सारात ते किती वर्षांनी ठिसूळ होते हे तपासले पाहिजे. मूळ आराखड्यात एखादे माप विशिष्ट का ठेवले, याचे कारण बहुधा कागदावर नसते. ते वर्षानुवर्षे यंत्र चालवणाऱ्याच्या नोंदवहीतून शोधावे लागते.

२४/ त्यामुळे तारापूर चालत राहिले. २००५-०६ मध्ये दोन्ही भट्ट्या थांबवून मोठे नूतनीकरण झाले. दोघींत सामाईक असलेल्या काही यंत्रणा वेगळ्या केल्या गेल्या, अधिक क्षमतेचे आपत्कालीन डिझेल जनित्र बसवले गेले, आणि मुख्य नियंत्रणकक्ष निकामी झाला तर वापरण्यासाठी पूरक नियंत्रणकक्ष उभारला गेला. २०२० मध्ये पुन्हा मोठ्या दुरुस्तीसाठी त्या थांबवण्यात आल्या, तेव्हा जगातील सर्वांत जुन्या चालू अणुवीज भट्ट्यांत त्यांची गणना होत होती. त्यांची बरीच भावंडे त्याआधी कित्येक वर्षे मोडीत निघाली होती.

२५/ हे केवळ निर्बंध सोसणाऱ्या देशाचे दुःख आहे असे मात्र समजू नये. २००२ मध्ये खुद्द नासा आपल्या अवकाशयानाच्या बूस्टरच्या तपासणी यंत्रणेसाठी इंटेलच्या ८०८६ या जुन्या चिपा इंटरनेटवरील लिलावात शोधत होती. २०१२ मध्ये अमेरिकन सिनेटच्या एका समितीने लष्करी पुरवठ्यातील बनावट इलेक्ट्रॉनिक भागांवर अहवाल दिला. त्यात सुमारे १८०० प्रकरणे आणि दहा लाखांहून अधिक संशयित भाग आढळले. भंगारातल्या चिपा सोलून, घासून, वर नवा शिक्का मारून विकल्या जात होत्या.

२६/ आज जुन्या प्रणालीसाठी भाग मिळवण्याच्या वाटा साधारण अशा असतात. निर्माता उत्पादन थांबवण्याची सूचना देतो, तेव्हा पुढच्या काही वर्षांचा साठा एकदम घेऊन ठेवणे. बंद पडलेल्या कारखान्यातील तशाच प्रणालीचे भाग उतरवून आणणे. जुनी कार्डे दुरुस्त करणाऱ्याकडे देणे. दलालाकडून घेणे. यातली प्रत्येक वाट निसरडी आहे. साठवलेल्या कार्डावरील कपॅसिटर न वापरताही सुकतात. जुन्या स्मृतिचिपांमधील प्रोग्रॅम काही दशकांनी आपोआप पुसट होऊ शकतो. आणि दलालाचा माल अस्सल आहे की घासून रंगवलेला, हे डोळ्यांना दिसत नाही.

२७/ आता पुन्हा आपल्या किनाऱ्यावर येऊ. खत कारखान्यात अमोनिया असतो आणि वायूप्रक्रिया केंद्रात ज्वालाग्राही वायू. तेथे बनावट भाग बसला, तर तो एरवी कदाचित निमूट चालेल, आणि नेमक्या ज्या क्षणी झडप मिटायला हवी त्या क्षणी दगा देईल. कुंपणाबाहेर वाड्या-वस्त्या आहेत, भातशेती आहे, शाळा आहेत. नियंत्रण प्रणालीचा सुटा भाग ही कारखान्याच्या खरेदी खात्यापुरती बाब वाटते, पण तिची व्याप्ती कुंपणापाशी संपत नाही.

२८/ कधीतरी संपूर्ण प्रणालीच बदलावी लागते. तेव्हा आधुनिक अभियंते जे करतात ते मूस यांनी १९०४ मध्ये केलेलेच आहे. शक्य तेथे नवी प्रणाली जुनीच्या शेजारी बसवतात, दोघींचे आकडे ताडून पाहतात, फरकाचे कारण शोधतात, आणि खात्री पटल्यावर नियोजित शटडाउनमध्ये जुनीची सूत्रे नवीकडे देतात. जेथे उतावीळपणे जुनी उपटून नवी बसवली जाते, तेथे जुनीत गुपचूप सामावलेले शहाणपण हरवते. एखादी सूचनाघंटा विशिष्ट आकड्यालाच का वाजते, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

२९/ म्हणून या दोन्ही कथा मला एकत्र वाचाव्याशा वाटतात. भाग कालबाह्य होतो, त्याचे काम होत नाही. अलिबागला अवधी होता म्हणून काम एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे अलगद सोपवता आले. तारापूरला अवधी नव्हता, म्हणून तेच काम अडचणीत, कमी विजेवर आणि माणसांच्या कष्टांवर निभवावे लागले. दोन्हीकडे तारणारी गोष्ट एकच होती : हे यंत्र नेमके काय करते आणि का करते, हे जाणणारी आणि लिहून ठेवणारी माणसे.

३०/ ती माणसे आता निवृत्त होत आहेत. आपण इतिहासप्रेमी मोडी कागद जपतो, शिलालेखांचे ठसे घेतो. १९८० च्या दशकातील नियंत्रणकक्षाच्या नोंदवह्या मात्र रद्दीत जातात आणि गोल आलेखांच्या तबकड्या भंगारात. तुमच्या घरात वा शेजारी थळ, उरण, रसायनी, नागोठणे किंवा तारापूर येथे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून नोकरी केलेले काका, आजोबा असतील, तर त्यांना एकच प्रश्न विचारा : “भाग मिळत नव्हता, तेव्हा तुम्ही काय केलेत?” उत्तर तारीखवार लिहून घ्या. कंपनीची गोपनीय माहिती नको. अडचण आणि त्यावरची युक्ती एवढे पुरेसे आहे.

धागा समाप्त.